बागेतील वळणे आणि रस्त्यावरचा ब्रेक
फवारणीच्या ट्रॅक्टरची हंगामपूर्व तपासणी

ऑक्टोबर छाटणी आटोपली की द्राक्षबागांत फवारणीची घाई सुरू होते. नाशिक, सांगली, सोलापूर या पट्ट्यांत आणि कर्नाटकातील विजापूर, बागलकोट भागातही त्या आधीच्या आठवड्यांत ब्लोअर शेडबाहेर काढले जातात. नोझल बदलले जातात, गाळण्या धुतल्या जातात, पंपाचा दाब पाहिला जातो. पीकसंरक्षणाच्या प्रशिक्षणांत आम्ही हीच यादी आग्रहाने सांगत असतो. मात्र ते ब्लोअर ओढणाऱ्या ट्रॅक्टरचा ब्रेक या यादीत क्वचितच आढळतो. ब्रेक ही कारागिराची बाब आहे आणि तो लागेनासा झाला की पाहू, अशी सर्वसाधारण समजूत असते.

ही समजूत दोन कारणांनी बदलणे आवश्यक आहे. पहिले कारण असे की, फवारणीच्या कामातच ब्रेकची झीज एकाच बाजूला होण्याची शक्यता दडलेली असते. बागेत ती झीज जाणवत नाही; ती रस्त्यावर, भरलेली टाकी मागे असताना प्रकट होते. दुसरे कारण टाकीतील द्रावणाचे. ट्रॅक्टर कालव्याशेजारी किंवा विहिरीजवळ कलंडला, तर चालकाच्या जिवाबरोबरच पाण्यालाही धोका पोचतो. सिंथेटिक पायरेथ्रॉइड गटातील कीटकनाशके माशांना अत्यंत विषारी आहेत. टाकीभर द्रावण पाण्यात गेले तर ते परत काढता येत नाही.

दोन पेडल कशासाठी?

ट्रॅक्टरला उजव्या पायाशी ब्रेकची दोन पेडल असतात. डावे पेडल डाव्या मागील चाकाला आणि उजवे पेडल उजव्या मागील चाकाला थांबवते. बहुतेक ट्रॅक्टरांत पुढील चाकांना स्वतंत्र ब्रेक नसतात. शेतात ओळीच्या टोकाला कमी जागेत वळायचे असेल, तर चालक ज्या बाजूला वळायचे त्या बाजूचे पेडल दाबतो. त्या बाजूचे चाक जवळजवळ जागेवर थांबते, दुसरे फिरत राहते आणि ट्रॅक्टर आखूड वळण घेतो.

रस्त्यावर मात्र ही सोय घातक ठरते. वेगात असताना एकाच चाकाला ब्रेक लागला, तर ट्रॅक्टर त्या बाजूला झपकन वळतो आणि मागे जड यंत्र असल्यास उलटूही शकतो. म्हणून दोन्ही पेडल जोडणारी कडी दिलेली असते. बागेबाहेर पडताना ती लावायची असते. पुष्कळ ट्रॅक्टरांवर ही कडी गंजून अडकलेली, झिजून सैल झालेली किंवा गहाळ झालेली दिसते. तपासणीचा प्रारंभ या लहानशा कडीपासूनच करावा.

परंतु कडी लावली म्हणजे दोन्ही चाकांना सारखा ब्रेक लागेलच असे नाही. यांत्रिक दांड्यांच्या ब्रेकमध्ये कडीमुळे दोन्ही पेडल सारख्याच अंतराने खाली जातात. ज्या बाजूचे लायनर अधिक झिजलेले आहे, त्या बाजूला पेडल बरेच खाली गेल्यावर पकड सुरू होते. म्हणजे एक चाक आधी थांबू लागते, दुसरे मागाहून. कडी असूनही ट्रॅक्टर एका बाजूला ओढला जातो, तो या कारणाने.

झीज एका बाजूला का होते?

सुमारे ६४ मीटर लांब व तितक्याच रुंद अशा एक एकराच्या बागेचा विचार करू. दोन ओळींतील अंतर ९ फूट म्हणजे सुमारे २.७५ मीटर असेल, तर २३ ओळी बसतात. चालक एका ओळीतून जाऊन शेजारच्या ओळीतून परत येतो. म्हणजे एका फवारणीत सुमारे २२ वळणे होतात, प्रत्येक टोकाला साधारण ११.

आता दिशा पाहावी. ओळी उत्तर-दक्षिण आहेत आणि फवारणी पश्चिमेकडून पूर्वेकडे सरकत आहे असे समजू. उत्तरेच्या टोकाला प्रत्येक वळण उजवीकडे होते, दक्षिणेच्या टोकाला प्रत्येक वळण डावीकडे होते. दोन्ही टोकांना सारखीच जागा असेल, तर दोन्ही ब्रेक सारखे वापरले जातील. प्रत्यक्षात असे क्वचितच असते. एका टोकाला रस्ता असतो, तेथे नुसत्या स्टीअरिंगवर मोठे वळण घेता येते. दुसऱ्या टोकाला बांध, चर, कुंपण किंवा मांडवाच्या ताणतारा असतात, तेथे ब्रेकशिवाय वळताच येत नाही. उत्तरेचे टोक अरुंद असेल, तर त्या बागेत फक्त उजवा ब्रेक झिजतो; डावा जवळजवळ नवाच राहतो. पाच एकरांची अशीच बाग आणि हंगामात ३० फवारण्या धरल्या, तर एकाच ब्रेकवर सुमारे १,६५० वळणांचा भार येतो.

यावरील उपाय बिनखर्चाचा आहे. एक फवारणी पश्चिमेच्या ओळीपासून सुरू केली असेल, तर पुढची पूर्वेच्या ओळीपासून सुरू करावी. तसे केल्याने त्याच अरुंद टोकाला आता सर्व वळणे डावीकडे होतात आणि झीज दोन्ही ब्रेकवर वाटली जाते. फवारणीच्या नोंदवहीत तारीख, औषध आणि मात्रा यांच्याबरोबर ‘सुरुवात कोणत्या बाजूने’ असा एक रकाना ठेवला की पुरे. वळणापूर्वी वेग कमी करण्याची सवय लावली, तर झीज आणखी घटते.

वजन, वेग आणि उतार

ट्रॅक्टर, रिकामे ब्लोअर आणि चालक यांचे मिळून वजन दोन टन धरू. टाकीत ६०० लिटर पाणी भरले की त्यात ६०० किलोंची, म्हणजे ३० टक्क्यांची भर पडते. ब्रेकची पकड मात्र तितकीच राहते. परिणामी, ब्रेक लागल्यानंतर थांबण्यास लागणारे अंतरही साधारण त्याच प्रमाणात वाढते.

वेगाचा परिणाम याहून मोठा असतो. वेग दुप्पट झाला की थांबवावयाची ऊर्जा चौपट होते. ट्रॅक्टरच्या ब्रेकची चाचणी घेताना ६०० न्यूटनपर्यंतच्या, म्हणजे पेडलवर सुमारे ६० किलो वजन ठेवल्याइतक्या दाबात प्रतिसेकंद २.५ मीटर प्रतिसेकंद या दराने वेग कमी व्हावा, अशी अपेक्षा असते. असा चांगला ब्रेक असलेला ट्रॅक्टर ताशी १० किलोमीटर वेगात असेल, तर तो ब्रेक लागल्यावर दीड मीटरात थांबतो. ताशी २० किलोमीटरला हे अंतर सुमारे ६ मीटर आणि ताशी ३० किलोमीटरला सुमारे १४ मीटर होते. अडथळा दिसल्यापासून पाय पेडलवर पडेपर्यंत एक सेकंद गेला, तर त्या सेकंदात ट्रॅक्टर अनुक्रमे सुमारे ३, साडेपाच आणि ८ मीटर पुढे गेलेला असतो. म्हणजे ताशी ३० किलोमीटर वेगाने जाणारा ट्रॅक्टर एकूण सुमारे २२ मीटर अंतर कापूनच उभा राहतो.

उतारावर हे गणित अधिक बिघडते. दहा मीटर अंतरात एक मीटर उतरणाऱ्या रस्त्यावर गुरुत्वाकर्षणच ट्रॅक्टरला पुढे ढकलत असते. तोच ब्रेक तितक्याच जोराने दाबला, तरी ताशी २० किलोमीटर वेगाला ६ ऐवजी सुमारे १० मीटर लागतात. त्यातही एकाच बाजूचा ब्रेक नीट पकडत असेल, तर अंतर वाढतेच आणि ट्रॅक्टर सरळही राहत नाही.

ब्लोअर कोणत्या प्रकारचे आहे यावरही धोका अवलंबून असतो. मागे उचलून बसवलेल्या ब्लोअरचे वजन मागील चाकांवर येते व पुढील चाके हलकी होतात. त्यामुळे ब्रेक लागला तरी स्टीअरिंग ऐकत नाही. पुढे वजने लावण्याची शिफारस यासाठीच असते. दोन चाकांच्या ओढत्या ब्लोअरला स्वतःचे ब्रेक नसतील, तर ट्रॅक्टर थांबू लागल्यावर ते मागून ढकलते आणि वळणावर ट्रॅक्टर व ब्लोअर कात्रीसारखे दुमडू शकतात. अर्धी भरलेली टाकी विशेष त्रासदायक असते. पाणी पुढे-मागे हिंदकळते व ब्रेक लागल्यानंतरही धक्के देत राहते.

म्हणून शक्य असेल तेथे टाकी रिकामी नेऊन बागेतच भरावी. पाणी दुरून आणणे भागच असेल, तर केवळ स्वच्छ पाणी न्यावे व औषध बागेत पोचल्यावर मिसळावे. अपघात झालाच, तर रस्त्यावर पाणी सांडेल, विष नव्हे.

कोरडे ब्रेक आणि तेलातील ब्रेक

जुन्या आणि काही लहान ट्रॅक्टरांत कोरडे ब्रेक असतात. त्यांतील लायनर कोरडेच राहायला हवे. मागील धुऱ्याचे सील गळू लागले की तेल लायनरवर येते आणि ब्रेक घसरतो. चिखलात किंवा पाण्यात काम केल्यावर, तसेच ट्रॅक्टर धुतल्यावरही या ब्रेकची पकड काही काळ कमी असते. अशा वेळी सपाट मोकळ्या जागी, अगदी कमी वेगात चार-पाच वेळा हलका ब्रेक लावून तो कोरडा करून घ्यावा आणि मगच रस्ता धरावा.

अलीकडच्या बहुतेक ट्रॅक्टरांत ब्रेकच्या चकत्या तेलात बुडालेल्या असतात. त्या कमी तापतात, चिखल-पाण्यापासून सुरक्षित राहतात आणि अधिक काळ टिकतात. मात्र त्यांचे आरोग्य सर्वस्वी तेलावर अवलंबून असते. अनेक ट्रॅक्टरांत गिअरपेटीचे तेलच ब्रेकसाठीही वापरले जाते. तेथे स्वस्त किंवा हाताशी असलेले इंजिन ऑइल भरले, तर ब्रेक किंचाळतो, थरथरतो किंवा घसरतो. तेल दुधाळ दिसत असेल, तर त्यात पाणी शिरले आहे असे समजावे व ते बदलावे. तेलाचा दर्जा आणि बदलण्याचे तास यांसाठी कंपनीची पुस्तिकाच प्रमाण मानावी.

काही ट्रॅक्टरांत पेडलचा दाब हायड्रॉलिक नळीतून पोचतो. त्यांच्या टाकीतील द्रवाची पातळी पाहावी. पेडल स्पंजासारखे मऊ लागत असेल, तर नळीत हवा शिरली आहे. पाय दाबून धरला असता पेडल हळूहळू खाली जात असेल, तर कोठेतरी गळती आहे. या ब्रेकमध्ये पुस्तिकेत सांगितल्याखेरीज दुसरा कोणताही द्रव घालू नये. चुकीच्या द्रवाने रबरी सील फुगतात व निकामी होतात.

औषधे, कुंभारीण माशी आणि उभा ट्रॅक्टर

फवारणीच्या ट्रॅक्टरला एक जादा शत्रू असतो, तो म्हणजे टाकीतून व नळ्यांतून ठिबकणारे द्रावण. विद्राव्य खतांचे क्षार लोखंडाला गंज चढवतात. बोर्डो मिश्रणात चुना कमी पडला, तर शिल्लक राहिलेले मोरचूद लोखंड खाते. मिश्रणात लोखंडी खिळा किंवा सुरीचे पाते थोडा वेळ बुडवून पाहण्याची परीक्षा बागायतदारांना ठाऊक आहे. त्यावर तांबूस थर चढला, तर मिश्रण आम्लधर्मी आहे व आणखी चुना हवा. जे मिश्रण पानांना भाजते, तेच पेडलच्या आडव्या दांड्यावर, स्प्रिंगवर आणि जोडखिळ्यांवर पडून त्यांना गंजवते. गंजलेले पेडल पाय काढल्यावर पूर्ण वर येत नाही. ब्रेक अर्धवट लागलेलाच राहतो, लायनर तापते, जळते आणि डिझेलही अधिक लागते.

म्हणून फवारणी संपल्यावर टाकीप्रमाणेच ट्रॅक्टरचा मागील भाग, दांड्या आणि पेडलचे सांधे साध्या पाण्याने धुवावेत. जोरदार झोत सील व सांध्यांवर थेट मारू नये. कोरडे झाल्यावर ग्रीस निपलमधून ग्रीस द्यावे आणि जोडखिळ्यांवर तेलाचे थेंब सोडावेत. लायनरवर मात्र तेलाचा थेंबही जाऊ देऊ नये. धुण्याचे पाणी ओढ्यात किंवा विहिरीजवळ जाणार नाही, अशी जागा निवडावी.

हंगामानंतर महिनोन्महिने उभा राहिलेला ट्रॅक्टर हे कीटकांनाही आयतेच घर असते. कुंभारीण माशी ओली माती आणून लहान छिद्रांत, नळ्यांच्या तोंडांत घरटे बांधते व त्यात अळ्यांचा साठा करून अंडे घालते. गिअरपेटीतील हवा बाहेर जाण्यासाठी ठेवलेले छिद्र मातीने किंवा धुळीने बुजले, तर तेल तापल्यावर आत दाब वाढतो आणि तेल सीलमधून बाहेर पडते. कोरडे ब्रेक असलेल्या ट्रॅक्टरात ते लायनरपर्यंत पोचू शकते. केवळ सील बदलून ही गळती थांबत नाही. आधी छिद्र मोकळे करावे लागते. घरट्यांबरोबरच उंदरांनी कुरतडलेल्या रबरी नळ्याही याच वेळी पाहून घ्याव्यात.

हंगामापूर्वीची तपासणी

ही तपासणी टाकी रिकामी ठेवून, सपाट व मोकळ्या जागेत, दोघांनी मिळून करावी. ट्रॅक्टरखाली किंवा चाकाजवळ काम करताना इंजिन बंद, किल्ली काढलेली आणि चाकांना दोन्ही बाजूंनी ठोकळे असावेत. केवळ जॅकवर उचललेल्या ट्रॅक्टरखाली कधीही जाऊ नये.

१. कडी : ती सहज लागते व निघते का, लावल्यावर सैल हलते का, हे पाहावे. कडी झिजली असेल तर बदलावी. तार किंवा दोरी बांधून भागवू नये.

२. पेडलची मोकळी चाल : कडी काढून प्रत्येक पेडल हाताने दाबावे. प्रत्यक्ष जोर लागू लागण्यापूर्वी ते जितके खाली जाते, ती मोकळी चाल होय. पट्टीने दोन्ही बाजूंची चाल मोजून लिहावी आणि पुस्तिकेतील आकड्याशी ताडून पाहावी. चाल अजिबात नसेल, तर ब्रेक सतत घासत राहील. ती फार असेल, तर ब्रेक उशिरा लागेल. दोन्ही बाजूंची चाल सारखी असणे सर्वांत महत्त्वाचे.

३. पेडल परत येणे : पाय काढताच पेडल झटकन वर यायला हवे. तसे नसल्यास गंज, कमजोर स्प्रिंग किंवा वाकलेला दांडा शोधावा.

४. गळती : मागील चाकांच्या आतील बाजूला ओलसर तेलकट थर आहे का, ते पाहावे. सील गळत असेल, तर नुसते लायनर बदलण्यात अर्थ नाही.

५. सरळ थांबण्याची परीक्षा : कडी लावून, ताशी पाच-सहा किलोमीटर वेगाने सरळ जाऊन ब्रेक दाबावा. दुसऱ्या व्यक्तीने सुरक्षित अंतरावरून मातीतील खुणा पाहाव्यात. दोन्ही मागील चाकांची घसट एकाच ठिकाणी सुरू व्हायला हवी. ट्रॅक्टर उजवीकडे ओढला गेला, तर डावा ब्रेक कमी पकडत आहे. समायोजन करून परीक्षा पुन्हा घ्यावी.

६. हँडब्रेक : सौम्य उतारावर, खालच्या बाजूला चाकांपासून वीतभर अंतरावर ठोकळे ठेवून, गिअर न्यूट्रलमध्ये घेऊन हँडब्रेक लावावा. ट्रॅक्टर तसूभरही सरकता कामा नये. पुष्कळ ट्रॅक्टरांत हँडब्रेक याच पेडलांना अडकवून ठेवतो. अशा ट्रॅक्टरांत कडी लावलेली नसेल, तर तो एकाच चाकाला लागू शकतो.

७. उष्णता : ब्रेक न वापरता एक-दोन किलोमीटर चालवून थांबावे व दोन्ही बाजूंच्या ब्रेकच्या घराजवळ हाताची पालथी बाजू न टेकवता नेऊन पाहावी. एकच बाजू तापलेली असेल, तर त्या बाजूचा ब्रेक घासत आहे.

समायोजनाचा नट पुस्तिकेनुसार फिरवणे शेतकऱ्याला जमण्यासारखे आहे. परंतु समायोजनाची मर्यादा संपली, लायनर झिजले, सील गळू लागले किंवा तेलातील ब्रेक घसरू लागला, तर काम जाणत्या कारागिराकडेच द्यावे. लायनर दोन्ही बाजूंचे एकाच वेळी बदलावेत. एकच बदलल्यास असमतोल नव्याने निर्माण होतो. ब्रेक उघडल्यावर आतील धूळ हवेच्या झोताने उडवू नये. जुन्या लायनरमध्ये अॅस्बेस्टॉस असू शकते आणि त्याची धूळ फुप्फुसांना घातक असते. ती ओल्या फडक्याने पुसून काढावी.

हंगाम सुरू झाल्यावर

रोज सकाळी टाकी भरण्यापूर्वी पेडल दाबून पाहणे, कडी तपासणे आणि बागेबाहेर पडताना ती लावणे, एवढे तीन क्षण द्यावेत. मोकळी चाल आणि सरळ थांबण्याची परीक्षा पंधरवड्यातून एकदा घ्यावी. उतार सुरू होण्यापूर्वीच खालचा गिअर टाकावा. उतारावर क्लच दाबून किंवा न्यूट्रलमध्ये ट्रॅक्टर सोडू नये, कारण तसे केल्याने इंजिनचा रोध नाहीसा होतो आणि सगळा भार ब्रेकवर येतो. चारचाकी चालनाचा ट्रॅक्टर असेल, तर अवघड उतारावर ते चालन जोडावे. त्यामुळे पुढील चाकांचाही उपयोग थांबण्यासाठी होतो.

विस्तार कार्यकर्त्यांनी फवारणी यंत्राच्या अंशशोधनाचे प्रात्यक्षिक घेताना त्यात सरळ थांबण्याच्या परीक्षेसाठी दहा मिनिटे राखून ठेवावीत. वेग मोजण्यासाठी ट्रॅक्टर चालवावा लागतोच. शेवटी ब्रेक दाबून मातीतील खुणा सर्वांना दाखवणे अवघड नाही. एका बाजूची खूण दोन हात पुढे सुरू झालेली दिसली की वेगळ्या स्पष्टीकरणाची आवश्यकता उरत नाही. त्या चालकाला लगेच त्याच्या बागेचे अरुंद टोक कोणते, हे विचारावे. कमी पकडणारा ब्रेक बहुधा त्याच टोकाच्या वळणांचा निघेल. पुढची फवारणी विरुद्ध बाजूने सुरू करण्याची सूचना मग त्याला स्वतःलाच पटते.